पगारपत्रकातली रोजगार हमी

मी एका खासगी कंपनीत हिशेब बघते. महिनाअखेरीला पगारपत्रकं तयार करणं, त्यावर भविष्यनिर्वाह निधी, आयकर, व्यवसाय कर अशा कपाती लावणं हे माझं काम. नव्यानं लागलेली मुलं पहिला पगार झाला की हमखास विचारायला येतात, "मॅडम, हे पीटीचे दोनशे कशाचे?" व्यवसाय कर, दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार, एवढं सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. कुणी थोडं रेंगाळलं तर मी पुढचंही सांगते. हा कर महाराष्ट्रानं १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात पगार घेणाऱ्यानं त्यातलं थोडं द्यायचं आणि त्यातून खेड्यात हाताला काम मागणाऱ्याला काम मिळायचं. हे ऐकून मुलांचे चेहरे बदलतात. ज्या कपातीकडे आपण नाइलाज म्हणून बघतो तिच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण त्या टोकाला माझी आजी होती.

आमचं मूळ माणदेशातलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात पुराणासारख्या सांगितल्या जायच्या. आजी खडी फोडायला जायची. मग पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला. पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची, तिची चव वडिलांच्या तोंडात अजून आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. एवढा भीषण दुष्काळ पडूनही माणसं मोठ्या संख्येनं मेली नाहीत, याचं श्रेय त्या कामांना आणि त्यामागे उभ्या राहिलेल्या सरकारी पैशाला आहे. तरी आजीच्या बोलण्यात एक गोष्ट कायम यायची. काम कधी बंद होईल याचा नेम नसे. साहेब आले, मोजमाप झालं, "उद्यापासून येऊ नका" म्हणाले, की संपलं. कुणाकडे जाऊन भांडणार? काम सरकारनं दिलं होतं, तेव्हा ते काढूनही घेता येत होतं.

तिच्या हयातीतच ही स्थिती बदलली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग सुरू केला होता. मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते काम त्या भागाच्या जमिनीला नि पाण्याला उपयोगी पडेल असं असायचं. मधल्या दुष्काळानं ही कल्पना राज्यभर नेली. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर सरकारनं ते पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकार भत्ता द्यायचा. भत्त्याची रक्कम तुटपुंजी होती, दिवसाला किमान एक रुपया. पण त्या एका रुपयामुळे सरकार मजुराचं देणेकरी झालं.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा आहे तिथे येते. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण त्याला एक अट जोडलेली आहे: राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. कित्येक हक्कांची वाट या एका अटीनं अडवली आहे. आरोग्य हवं, शाळा हवी, म्हातारपणी पेन्शन हवी. मान्य आहे, पण क्षमता नाही, तिजोरीत पैसा नाही. पागे आणि त्यांच्या वेळच्या लोकांनी वेगळं केलं ते हे, की त्यांनी क्षमता हवापाण्यासारखी आपोआप ठरलेली मानली नाही. क्षमता उभी करता येते, ती कर बसवून उभी करतात, आणि कर कुणावर बसवायचा हे माणसं ठरवतात. म्हणून कामाचा हक्क लिहिताना त्यांनी त्याचा पैसाही लिहिला.

तो पैसा कुठून आला ती यादी मला फार बोलकी वाटते. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर. विक्रीकरावर अधिभार. मोटारींवर जादा कर. जमीन महसुलावर अधिभार, आणि ज्यांच्या जमिनीला कालव्याचं पाणी मिळालं त्यांच्यावर विशेष आकारणी. शहरातल्या बिगर-निवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर. आजही दुकानाचं किंवा ऑफिसचं मालमत्ता कराचं बिल नीट वाचलं तर त्यात ही ओळ सापडते. या सगळ्यातून जितकी निव्वळ रक्कम जमेल तितकीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची आणि तो सगळा रोजगार हमी निधी. म्हणजे ज्याला पाणी मिळालं त्यानं कोरडवाहूवाल्यासाठी द्यायचं, ज्याच्याकडे मोटार आहे त्यानं अनवाणी माणसासाठी द्यायचं. कराच्या अनुसूचीत एवढी माणुसकी मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनीही ग्रामीण भागात कामं काढण्याचा उपाय सांगितला होता आणि त्याचा खर्च वरच्या स्तरातल्या लोकांच्या उपभोगाला कात्री लावून काढता येईल असं आकडे देऊन दाखवलं होतं. शेतमजुरांच्या संघटना रस्त्यावर होत्या, मोर्चांत बायका पुढे होत्या. मागणी कामाची होती, पण ती कराच्या दारात नेऊन ठेवली गेली. त्यामुळे ती टिकली.

टिकली, पण कशी, तेही सांगायला हवं.

१९८८ साल या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी किमान वेतनाबरोबर रोजगार हमीची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. मजुरांना मिळालेला तो न्याय होता. पण योजनेचा एकूण खर्च त्या मानानं वाढू दिला नाही, आणि कामाचे दिवस झपाट्यानं घटले. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी पुढे या घटनेचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की मजुरी वाढल्यावर कामाचं रेशनिंग सुरू झालं. कायद्यात एक अक्षर बदललं नव्हतं. हमी जशीच्या तशी होती. फक्त पैसा मोजून दिला जात होता, आणि म्हणून कामही.

रेशनिंग म्हणजे काय हे ज्यांनी खेड्यात काम मागणाऱ्यांबरोबर थोडा वेळ काढलाय त्यांना माहीत असतं. कुणी तोंडावर "काम नाही" म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर भत्ता द्यावा लागेल. नमुना ४ भरून काम मागायचं असतं. तो अर्ज घेतला जात नाही. घेतलाच तर पावती मिळत नाही, आणि तारखेची पावती नसली तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? मग मस्टर, म्हणजे कामाचं हजेरीपत्रक, निघत नाही. निघालं तर काम अशा ठिकाणी, की लेकुरवाळ्या बाईला जाणं होऊ नये. कायद्यात पाळणाघर आहे, सावली आहे, पिण्याचं पाणी आहे. प्रत्यक्षात पाणी तीच घरून नेते. असं दोनदा-तीनदा झालं की बाई अर्ज करणं सोडते आणि कागदावर नोंद होते ती अशी, की या गावात कामाला मागणी नाही. मी आकड्यांत काम करणारी बाई आहे, म्हणून मला याचा जास्त त्रास होतो. शून्य मागणी हा आकडा जितका स्वच्छ दिसतो तितकाच खोटा असू शकतो.

याच वर्षी, १९८८ मध्ये, दुसरी गोष्ट दिल्लीत झाली. घटनेच्या २७६ व्या कलमात व्यवसाय करावर वरची मर्यादा आहे. ती वर्षाला २५० रुपये होती. साठाव्या घटनादुरुस्तीनं ती २,५०० केली. तेव्हा हा आकडा मोठा होता. चौथ्या वेतन आयोगानं केंद्र सरकारी नोकरीतला किमान मूळ पगार महिन्याला ७५० ठरवला होता, म्हणजे कराची कमाल मर्यादा त्याच्या तिप्पटीहून जास्त होती. सातव्या आयोगानं तोच किमान पगार १८,००० केला. कराची मर्यादा मात्र तिथेच आहे. आज ती त्या पगाराचा सातवा हिस्सासुद्धा नाही.

याचा परिणाम मी दर महिन्याला माझ्या हातानं लिहिते. बारा हजार पगार असलेला आमचा शिपाई वर्षाला अडीच हजार भरतो. आमच्याच कंपनीत महिन्याला पाच लाख घेणारे साहेबही अडीच हजारच भरतात. त्याच्या कमाईचे पावणेदोन टक्के जवळजवळ पुरते जातात, यांच्या कमाईच्या शंभर रुपयांतले चार पैसे. महाराष्ट्रात आता पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे, आणि तो निर्णय मला मनापासून आवडला. पण वरच्या बाजूला हात लावायचा झाला तर राज्याचे हात घटनेनं बांधलेले आहेत. चौदाव्या वित्त आयोगानं ही मर्यादा १२,००० करावी असं सुचवलं, पंधराव्यानं १८,०००. शिफारस करणारे काही चळवळीतले लोक नव्हेत, देशाच्या तिजोरीचं वाटप ठरवणारी घटनात्मक संस्था आहे. तरी मर्यादा हलली नाही. हलावी म्हणून कुणी मोर्चा काढल्याचंही मला आठवत नाही. आपल्याकडे रस्त्यासाठी, पाण्यासाठी, हमीभावासाठी मोर्चे निघतात. कराच्या एखाद्या कलमासाठी निघत नाहीत, आणि मला वाटतं हीच आपली मोठी उणीव आहे.

आणखी एक गाठ आहे. व्यवसाय करातून जमलेली रक्कम आधी राज्याच्या एकत्रित निधीत जाते. तिथून ती विधिमंडळाच्या मंजुरीनं रोजगार हमी निधीत वळवावी लागते. ही वळती पुरेशी आणि वेळेवर होत नाही, असे आक्षेप लेखापरीक्षणात येत राहिले. कर ज्या नावानं घेतला त्या नावापर्यंत पोचला का, हे बघण्याचा अधिकार खरं तर कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. पण किती जणांनी अर्थसंकल्पाची ती पानं उघडली असतील? गुजरातमध्ये साबरकांठ्याच्या बाजूला आदिवासी मजुरांमध्ये काम करणाऱ्या 'दिशा' या संस्थेनं नव्वदच्या दशकात हेच केलं. राज्याचा अर्थसंकल्प उघडून आदिवासींसाठी ठेवलेला पैसा कुठे गेला ते शोधायला सुरुवात केली, आणि ते आमदारांच्या हातात ठेवलं. आपल्याकडे 'समर्थन' संस्थेनं अर्थसंकल्पाचा अभ्यास मराठीत आणला. हे काम रुक्ष दिसतं. पण एखाद्या योजनेला सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष चालू असताना बदललेल्या आकड्यांत, कात्री लागलेली वेळेवर दिसली तर चार महिन्यांनी बंद पडणारं काम वाचवता येतं.

२००५ मध्ये केंद्रानं महाराष्ट्राचाच धडा गिरवून देशभरासाठी कायदा केला, तीच मनरेगा. वर्षाला शंभर दिवस, अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा. महाराष्ट्रानं आपला जुना कायदा टिकवला, त्यामुळे इथल्या मजुराला शंभर दिवसांच्या पुढेही काम मागता येत होतं, राज्याच्या पैशातून. टाळेबंदीच्या २०२०-२१ मध्ये या योजनेवर केंद्राचे १ लाख ११ हजार कोटींच्या आसपास खर्च झाले. शहरांतून पायी परतलेल्या लोकांना गावात तोच आधार होता. २०२३-२४ चा अर्थसंकल्प मांडताना तरतूद ६० हजार कोटींवर आली. गरज तेवढी उतरली होती का? पैसा संपला की मजुरी थकते. पंधरा दिवसांत मजुरी द्यायची आणि उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई द्यायची, असा नियम. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मजुरी ३१२ रुपये होती. सहा दिवसांचे १,८७२. एका दिवसाच्या उशिराची भरपाई सुमारे ९४ पैसे. ही भरपाईसुद्धा आधीपासूनच पूर्ण उशिराची मिळत नव्हती, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की केंद्राच्या टप्प्यावर होणाऱ्या दिरंगाईची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ आहेत, आणि त्याचं स्वागतच करावं. पण मी आधी पैशाचं कलम वाचलं. बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के, आणि प्रत्येक राज्याला किती द्यायचं ते केंद्र आधी ठरवणार. त्याहून जास्त खर्च झाला तर तो राज्याचा. आजपर्यंत निदान तत्त्वतः तरी मागणी येईल तसा पैसा यायचा. आता पैसा ठरेल आणि त्यात बसेल तेवढी मागणी धरली जाईल. १९८८ नंतर महाराष्ट्रात जे नकळत घडलं तेच आता रचनेत आलं आहे, अशी मला भीती वाटते. अधिक दिवस लिहिणं आणि अधिक दिवस देणं यांत चाळीस टक्क्यांचं अंतर आहे, आणि ते चाळीस टक्के मुंबईतून यायचे आहेत.

म्हणून तो जुना कर पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. इतर राज्यांना हा पैसा नव्यानं शोधावा लागेल. आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी त्याच कामासाठी बसवलेला कर आहे, त्यासाठीचा निधी आहे, कायदा आहे. माझं मागणं साधं आहे. व्यवसाय कराची घटनेतली मर्यादा वित्त आयोगानं सांगितली तशी वाढवा, आणि ती वाढ फक्त वरच्या पगारांवर टप्प्याटप्प्यानं लावा. बारा हजारवाल्या शिपायाचा कर उलट कमी करा. आणि जमलेला पैसा वर्षअखेरीला इकडे-तिकडे न वळता पूर्णपणे रोजगार हमी निधीत जाईल असं बंधन घाला.

हे ऑफिसात बोलले की लोक चिडतात. आम्हीच का भरायचं? हा राग मला समजतो. नोकरदाराचा कर पगार हातात येण्याआधी कापला जातो, त्याला पळवाट नाही. आणि त्याच देशात संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला, वारसाहक्कावरचा कर १९८५ मध्येच गेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. मनरेगाच्या वर्षभराच्या तरतुदीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. तेव्हा "क्षमता नाही" हे उत्तर आपण मुकाट्यानं का ऐकून घेतो? चिडायचं तर त्या बाजूला चिडू या. मजूर बाई फुकट खाते असं मात्र कुणी म्हणू नये. तिच्या मोबाइलच्या रिचार्जवर माझ्याइतकाच १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तिची कमाई माझ्याइतकी नाही.

भारतानं १९७९ मध्येच आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आहे. त्यात प्रत्येक देशानं उपलब्ध साधनांचा जास्तीत जास्त वापर करून हे हक्क पुरे करायचे आहेत. सोडून दिलेला करही उपलब्ध साधनच होता, असं मी मानते.

योजनेत दोष नव्हते असं नाही. मजुरांनी खणलेल्या पाझर तलावाचं पाणी बहुतेकदा खाली ज्याची विहीर त्याला मिळालं. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा लागल्या, कोरड्या माळांवर डाळिंब, सीताफळ, आंबा, काजू उभे राहिले. पण झाड लावायला आधी जमीन लागते. खोट्या हजेऱ्या लागल्या, मोजमापात मजुरांना नागवलं गेलं. ही सगळी भांडणं चालू राहिली पाहिजेत. ती पैसा आटवण्याचं निमित्त मात्र होऊ नयेत.

मनरेगाच्या शेवटच्या वर्षांत मी सुट्टीच्या दिवशी एका गावातल्या बायकांचे अर्ज लिहायला जात असे. पुढच्या वर्षाचं मजूर अंदाजपत्रक, म्हणजे गावाला किती काम लागेल याचा अंदाज, करायची ग्रामसभा होती. ग्रामरोजगार सेवक चांगला मुलगा, तो पडेल आवाजात म्हणाला, "मावशी, मी काय करू, वरून पैसाच येत नाही." पुढे बसलेल्या एक मावशी उठल्या. आजवर त्यांना फक्त सही करताना पाहिलं होतं. "बरं," म्हणाल्या, "मग तेच लिहून दे. आम्ही अमुक तारखेला काम मागितलं, आणि पैसा नाही म्हणून दिलं नाही. खाली तुझी सही आणि शिक्का." सेवकानं सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी ग्रामसेवकाकडे. तसं कुणी लिहून दिलं नाही. त्याऐवजी नमुना ४ चे सगळे अर्ज घेतले गेले आणि प्रत्येकीला तारीख घातलेली पावती मिळाली. काम निघालं ते एका नाल्याच्या खोलीकरणाचं. मजुरी उशिरा आली. उशिराच्या भरपाईचा अर्ज आम्ही केला आहे, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.